नवे तंत्रज्ञान, सुरक्षा धोरण आणि कोकण किनारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदयोन्मुख तंत्रज्ञान आणि सुरक्षा धोरण यांचा अभ्यास करणारा आमचा लहानसा गट रत्नागिरीतून काम करतो. जेटीवर, मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकांत आणि महाविद्यालयांत गेल्यावर आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

थिंक टँक म्हणजे नेमके काय?

सरकारला किंवा समाजाला जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांच्या पोटातील प्रश्नांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष लेखी मांडणारी संस्था म्हणजे थिंक टँक. ती निर्णय घेत नाही, कायदा करत नाही आणि तिच्या हाती कोणतीही यंत्रणा नसते. तिची सारी मिळकत म्हणजे तिच्या अहवालांवरचा लोकांचा विश्वास. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन ही संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील हवाई दलाच्या एका प्रकल्पातून उभी राहिली आणि १९४८ मध्ये स्वतंत्र झाली. शस्त्रास्त्रे आणि शांतता यांचा अभ्यास करणारी स्टॉकहोमची सिप्री ही संस्था १९६६ ची. आपल्याकडे दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था नोव्हेंबर १९६५ मध्ये स्थापन झाली, तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. आज त्या संस्थेला मनोहर पर्रीकर यांचे नाव आहे. सागरी प्रश्नांना वाहिलेले नॅशनल मेरीटाइम फाउंडेशन मात्र २००५ मध्ये आले. एवढा मोठा किनारा लाभलेल्या देशाला त्यासाठी इतकी वर्षे लागावीत, हे आम्हाला बोलके वाटते.

'उदयोन्मुख तंत्रज्ञान' या शब्दांत काय काय येते?

कृत्रिम बुद्धिमत्ता, अर्धवाहक चिप, ड्रोन, उपग्रह, क्वांटम संगणन, जैवतंत्रज्ञान आणि या सगळ्यांना जोडणारी संदेशवहनाची जाळी ही त्यातील नेहमीची नावे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात २०१९ मध्ये नेमक्या याच विषयासाठी 'सेंटर फॉर सिक्युरिटी अँड इमर्जिंग टेक्नॉलॉजी' ही संस्था सुरू झाली. तिने चिनी भाषेतील धोरणविषयक कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे करून ती सर्वांसाठी खुली ठेवली. आमच्या मते त्या संस्थेचे सर्वांत उपयोगी काम हेच आहे, कारण समोरचा देश स्वतःच्या भाषेत काय लिहितो हे वाचल्याशिवाय केलेले विश्लेषण म्हणजे बहुधा अंदाजपंचे असते.

हीच गोष्ट घराजवळही लागू पडते. किनाऱ्यावर ज्याचा रोजचा परिणाम होतो, ते शासन निर्णय, परिपत्रके आणि मच्छीमार संस्थांची निवेदने मराठीत असतात. सागरी सुरक्षेवरचे देशी अहवाल मात्र इंग्रजी साहित्यावर उभे असतात, आणि त्यांत या मराठी कागदांचा उल्लेख आम्हाला क्वचितच आढळतो.

या सगळ्याचा कोकणाशी काय संबंध?

सुरक्षेचे राष्ट्रीय धोरण ज्या दोन घटनांनी बदलले, त्या दोन्ही या किनाऱ्यावरून गेल्या. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत वापरलेली स्फोटके त्याआधीच्या आठवड्यांत रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे उतरवण्यात आली होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून मुंबई गाठली आणि रबरी होडीतून ते कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले.

या दोन घटना एकाच माळेत ओवल्या जातात, पण त्यांचे धडे वेगळे आहेत. १९९३ मध्ये कमतरता यंत्रांची नव्हती; सीमाशुल्क खात्यातील आणि पोलीस दलातील काही जण त्या कटात सामील असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आणि त्यांना शिक्षा झाली. अशा ठिकाणी कितीही महागडे रडार बसवले, तरी पडद्यासमोरच्या माणसाने मान फिरवली की ते निरुपयोगी ठरते. २००८ मध्ये समुद्रातील शेकडो सारख्या दिसणाऱ्या नौकांमधून एक वेगळी नौका ओळखण्याचे साधन नव्हते, आणि वस्तीतील लोकांनी त्या अनोळखी तरुणांना पाहूनही ती खबर वेळेत योग्य ठिकाणी पोहोचेल अशी वाट नव्हती. पहिला प्रश्न माणसांच्या सचोटीचा, दुसरा ओळखीचा आणि संपर्काचा. तंत्रज्ञान दुसऱ्याला उपयोगी पडते, पहिल्याला फारच थोडे.

नौकांची ओळख पटवण्याचा खटाटोप या किनाऱ्याला नवा नाही. पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाचा परवाना व्यापारी जहाजांच्या गळ्यात मारत असत, आणि कान्होजी आंग्रे यांनी त्याला उत्तर म्हणून स्वतःचे दस्तक घेण्याची सक्ती केली. समुद्रावर कोणाचा कागद चालतो, यावरून समुद्र कोणाचा हे ठरत होते. आज कागदाची जागा उपग्रहाशी बोलणाऱ्या पेटीने घेतली आहे.

२००८ नंतर किनाऱ्यावर काय बदलले?

२००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. तटरक्षक दल, सागरी पोलीस ठाणी, सीमाशुल्क आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्यात कामाची वाटणी झाली. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली. पहिल्या टप्प्यात देशभर ४६ ठिकाणी रडार आणि कॅमेरे बसवण्यात आले, त्यांतील पुष्कळसे दीपस्तंभांच्या आवारात आहेत. या सगळ्यांची माहिती गुरुग्राम येथील केंद्रात एकत्र होते. ते २०१४ पासून चालू आहे.

एवढी यंत्रणा असताना २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बंदुका असलेली बोट लागली कशी?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला सुमारे १६ मीटर लांबीची 'लेडी हान' नावाची निर्मनुष्य नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. दहीहंडीच्या आदल्या दिवशी जिल्ह्यात नाकाबंदी झाली. त्याच दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले त्याप्रमाणे ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती, मस्कतहून युरोपकडे निघाली होती, जूनमध्ये तिचे इंजिन बंद पडल्यावर त्यावरील लोकांची सुटका झाली आणि खवळलेल्या समुद्रामुळे ओढून नेता न आल्याने ती वाहत वाहत आपल्याकडे आली.

पावसाळ्यात अरबी समुद्रातील वारा आणि प्रवाह कोणत्या दिशेला रेटतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ओंडके, बोये, तेलाचे गोळे दरवर्षी असेच येतात. रडारची अडचण अशी की उसळलेल्या लाटांवरूनही रडारच्या लहरी परत फिरतात, त्या गोंगाटात फायबरची लहान नौका हरवून जाते. आणि इंजिन, दिवे, बिनतारी संच सारे बंद असलेली नौका स्वतःहून काहीच सांगत नाही. तंत्रज्ञान जी नौका बोलते तिला ऐकण्यात पटाईत झाले आहे. मुकी नौका अजूनही डोळ्यांनीच शोधावी लागते.

याच्या उलट प्रकार जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळ घडला. तेथे रडारवर परदेशी नौका दिसल्याने पोलीस, तटरक्षक दल आणि नौदल यांनी मोठा शोध घेतला, आणि ती नौका नसून मासेमारीच्या जाळ्याला बांधलेला, स्वतःचे ठिकाण कळवणारा वाहून आलेला बोया असल्याचे तपास यंत्रणांनी सांगितले. एकदा खरी नौका कोणालाच दिसली नाही आणि एकदा नसलेली नौका सर्वांना दिसली. आमच्या अभ्यासाचा निम्मा भाग या दोन टोकांमध्येच आहे.

नौकेवर ट्रान्सपाँडर बसवला तर आमची मासेमारीची जागा इतरांना कळेल का?

आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. तो विचारणाऱ्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, 'तुम्हाला देशाची सुरक्षा नको का' असे उलट विचारणे अन्यायाचे आहे, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देतो.

आधी दोन साधनांतील फरक लक्षात घ्यावा. एआयएस हे साधन नौकेचे नाव, ठिकाण, वेग आणि दिशा बिनतारी लहरींवर चहूकडे सांगत राहते. जवळचे जहाज ते ऐकू शकते, किनाऱ्यावरचा साधा ग्राहक संच ऐकू शकतो आणि ते टिपून जगभर दाखवणारी संकेतस्थळेही आहेत. हे साधन मुळात टक्कर टाळण्यासाठी आले, त्यामुळे त्याचा उघडेपणा हा दोष नसून हेतू आहे. मासेमारी नौकांमध्ये ते २० मीटरपेक्षा लांब नौकांसाठी ठरवण्यात आले आहे. दुसरे साधन इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर. तो थेट उपग्रहाशी बोलतो आणि त्याचा संदेश नियंत्रण केंद्राकडे जातो, शेजारच्या नौकेकडे नाही. देशातील एक लाख यांत्रिक नौकांवर तो मोफत बसवण्याच्या ३६४ कोटी रुपयांच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. त्यावरून वादळाचा इशारा मिळतो, संकटात मदत मागता येते, सागरी सीमा जवळ आल्यास सूचना मिळते आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचा अंदाजही येतो. मोबाइलची रेंज किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरात जाते, हे पाहता खोल समुद्रातील खलाशाच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे.

तेव्हा शेजारच्या नौकेला तुमची जागा या पेटीतून कळणार नाही. पण प्रश्न तेवढ्याने संपत नाही. नियंत्रण केंद्रात साठणारी माहिती कोणकोणत्या खात्यांना दिसते, किती काळ ठेवली जाते, ती सुरक्षेसाठी घेतलेली असताना परवान्याच्या कारवाईसाठी किंवा डिझेल परताव्याच्या तपासणीसाठी वापरता येते का, आणि वापरायची झाल्यास नौकामालकाला आधी सांगितले जाते का, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी आणि मराठीत असली पाहिजेत, अशी आमची शिफारस आहे. वर्षानुवर्षे वाव मोजत, जाळी फाडून घेत जी जागा कळलेली असते, ती त्या कुटुंबाची पुंजी असते. बापाने मुलाला सांगितलेली जागा सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगितली जात नाही. तिला संरक्षण आहे असा विश्वास नसेल, तर पेटीचे बटण बंद होईल. आणि ज्या दिवशी शंभर प्रामाणिक नौका पेटी बंद ठेवतील, त्या दिवशी एकशे एकावी संशयित नौका त्यांच्यात सहज लपेल.

याला दुसरी बाजूही आहे. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आणि माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. पारंपरिक मच्छीमारांपैकी अनेक जण आम्हाला सांगतात की अशा नौकांच्या हालचालींची नोंद पुरावा म्हणून वापरलीच पाहिजे. म्हणजे जी माहिती एकाला पाळत वाटते, तीच दुसऱ्याला न्यायाची आशा वाटते, आणि दोघेही एकाच जेटीवर उभे असतात. म्हणूनच 'वापरू नका' किंवा 'हवी तशी वापरा' यांपैकी काहीही न म्हणता, वापराचे नियम आधी जाहीर करा, असे आम्ही म्हणतो.

संशयित नौका ओळखण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवता येणार नाही का?

मदत घेता येईल, सोपवता येणार नाही. याचे कारण साध्या त्रैराशिकात आहे. समजा, एका दिवशी समुद्रात ५,००० नौका आहेत आणि त्यांत खरोखर संशयास्पद एकच आहे. यंत्र शंभरांतून ९९ वेळा बरोबर असते असे धरले, तरी ते सुमारे ५० निर्दोष नौकांवर बोट ठेवील. रोज ५० नौका अडवून तपासायला ना तेवढ्या गस्ती नौका आहेत ना तेवढी माणसे, आणि दहा दिवसांत इशारा वाजला तरी कोणी उठणार नाही अशी स्थिती येते. शिवाय यंत्र 'नेहमीपेक्षा वेगळे' काय ते शोधते. माशाच्या मागे अचानक वळणारी, इंजिन बिघडून थांबलेली किंवा वादळाच्या इशाऱ्यानंतर भलत्याच बंदराकडे निघालेली नौकाही त्याला वेगळीच दिसते. गुजरातच्या नौकांच्या हालचालींवरून शिकवलेले यंत्र डोल जाळी लावून तासन्‌तास एका जागी थांबलेल्या होडीला काय म्हणेल, हे ते विकत घेण्यापूर्वी येथल्या पाण्यात तपासून पाहिले पाहिजे. विक्रेत्याच्या सादरीकरणात अचूकतेचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. खोटे इशारे किती, हे विचारावे लागते.

जीपीएस चुकीचे ठिकाण दाखवू शकते का?

होय, आणि ते मुद्दाम घडवताही येते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असल्याने त्यांचा संदेश पृथ्वीवर फार क्षीण होऊन पोहोचतो. जवळून सोडलेला जोरकस खोटा संदेश त्याला सहज झाकतो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील किमान २० जहाजांना आपण जमिनीवरील एका विमानतळावर आहोत असे दिसू लागले होते. भारताची नाविक ही स्वतःची प्रणाली असणे यासाठी महत्त्वाचे आहे, पण तीही लहरींवरच चालते. जुने तांडेल डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस किंवा दीपस्तंभ यांची रेघ जुळवून जागा ओळखतात. ही विद्या स्मरणरंजन म्हणून नव्हे, तर पर्यायी व्यवस्था म्हणून नोंदवून ठेवावी, असे आमचे मत आहे.

समुद्राखालच्या केबलचा आणि आमचा काय संबंध?

देशोदेशीची माहिती उपग्रहांवरून जाते असा समज आहे. प्रत्यक्षात खंडांदरम्यानच्या माहितीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग समुद्रतळावरील केबलमधून जातो. भारतात येणाऱ्या या केबलपैकी पुष्कळशा मुंबईत, विशेषतः वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, म्हणजे उत्तर कोकणातील एका कोळीवाड्याशेजारून देशाचा मोठा व्यवहार चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तीन केबल तुटल्या. क्षेपणास्त्र लागून भरकटलेल्या 'रुबिमार' जहाजाचा नांगर त्यांना घासल्याचे मानले जाते. जगभर केबल तुटण्याची बहुतेक कारणे अशीच साधी असतात : नांगर आणि जाळी. त्यामुळे या केबलचे संरक्षण म्हणजे निम्मे नौदलाचे काम, निम्मे मच्छीमारांना मार्गाचा नकाशा वेळेवर देण्याचे.

बंदरावर सायबर हल्ला झाल्याचे आपल्याकडे उदाहरण आहे का?

आहे. जून २०१७ च्या 'नॉटपेट्या' हल्ल्यात मेअर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली, तेव्हा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही थांबले. हल्ल्याचे मूळ लक्ष्य युक्रेन होते. उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रकचालकाचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता.

पर्यटकांनी किंवा लग्नाच्या छायाचित्रणासाठी ड्रोन उडवला तर चालतो का?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन, तसेच व्यावसायिक वापर नसल्यास दोन किलोपर्यंतचा ड्रोन उडवण्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे पैसे घेऊन केलेले चित्रण व्यावसायिक ठरते. जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहावे. सिंधुदुर्गासारख्या संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, आणि जिल्हा प्रशासनाचा तात्पुरता मनाई आदेश असेल तर बाकीचे सगळे नियम बाजूला राहतात.

तुम्हाला गुप्त माहिती मिळते का?

नाही, आणि आम्हाला ती नको. आमचे काम राजपत्रे, संसदेतील प्रश्नोत्तरे, न्यायालयांचे निकाल, महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि किनाऱ्यावरील माणसांशी बोलणे यांवर चालते. कोठे गस्त असते, कोठे नसते, अशी माहिती कोणी आपणहून सांगितली तरी आम्ही ती लिहीत नाही.

अशा संस्थांना पैसा कोण देते, आणि त्यावरून मते बदलत नाहीत का?

वर उल्लेखिलेल्या जॉर्जटाउनच्या संस्थेला सुरुवातीला 'ओपन फिलान्थ्रॉपी'कडून साडेपाच कोटी डॉलर मिळाले. रँडला दीर्घकाळ अमेरिकी सरकारची कामे मिळत आली. दिल्लीच्या संरक्षण अध्ययन संस्थेला संरक्षण मंत्रालय निधी देते. पैशाचा उगम कळला म्हणून अहवाल खोटा ठरत नाही, पण तो कोणत्या प्रश्नावर गप्प आहे हे पाहायला आपण शिकतो. ड्रोन कंपनीच्या देणगीतून झालेल्या अभ्यासात 'येथे ड्रोनची गरज नाही' हे वाक्य कधी आले आहे का, हे वाचकाने शोधावे. आमच्या बाबतीतही तेच करावे. उपकरणे विकणाऱ्यांकडून आम्ही देणगी घेत नाही, आणि त्यामुळे आमचे हात नेहमी आखडलेले असतात.

या क्षेत्रात काम करायचे तर काय शिकावे?

संगणकशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, सागरविज्ञान यांपैकी कोणताही एक विषय नीट शिकावा. 'सुरक्षा' हा विषय त्यानंतर येतो. चांगले मराठी आणि चांगले इंग्रजी लिहिता यावे. एखादी रात्र तरी मासेमारी नौकेवर काढावी. तीन तासांत उलटी होऊन बसलेला अभ्यासक ओल्या, थरथरत्या केबिनमध्ये चालणाऱ्या उपकरणाविषयी लिहिताना जरा जपून लिहितो.

समुद्रात किंवा किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसले तर तुम्हाला कळवावे का?

आम्हाला नको. सागरी सुरक्षेसाठी १०९३, समुद्रात संकट असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सर्वसाधारण आपत्कालीन ११२ या क्रमांकांवर लगेच फोन करावा; वस्तूला हात लावू नये. दिसलेली वेळ, भरती की ओहोटी, नौकेचा रंग आणि ती कोणत्या दिशेला गेली एवढे सांगितले तरी पुरते.